खाडीतला जिताडा गरीने कसा पकडावा : नवख्यांसाठी मार्गदर्शन

कोकणच्या खाड्यांत किनाऱ्यावर उभे राहून गरवताना जे मासे लागतात, त्यांत ताकदीच्या बाबतीत जिताड्याच्या तोडीचे मासे थोडेच आहेत. रायगडात त्याला जिताडा म्हणतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात बऱ्याच ठिकाणी खजुरा आणि गोव्यात चोणक. त्याचे शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्कॅरिफर असून ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून प्रसिद्ध असलेला मासा तो हाच. अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या तळ्यांत वाढवलेला जिताडा अनेकांनी खाल्लेला असतो. परंतु भरती-ओहोटीच्या पाण्यात वाढलेला जिताडा दोरीच्या दुसऱ्या टोकाला असणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. या लेखात तो ओळखावा कसा, शोधावा कुठे आणि किनाऱ्यापर्यंत आणावा कसा, हे क्रमाने दिले आहे. सामानाविषयी पुढे लिहिले आहेच, पण आधीच सांगतो की जिताडा मिळणे हे नव्वद टक्के पाणी वाचण्यावर अवलंबून आहे, आणि महागड्या रॉडमुळे चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला मासा लागत नाही.

पहिली पायरी : मासा ओळखणे

जिताड्याचे अंग लांबट आणि बाजूंनी काहीसे चपटे असते. सर्वांत खात्रीची खूण डोक्याच्या आकारात आहे. तोंडाच्या टोकापासून पाठीकडे जाणारी रेषा सरळ किंवा फुगीर नसते. डोळ्याच्या वर ती आत खचते आणि मग पाठीचा उंचवटा सुरू होतो. तोंड मोठे असते, खालचा जबडा किंचित पुढे आलेला असतो आणि वरच्या जबड्याचे हाड डोळ्याच्याही मागे पोहोचते. शेपटी दुभंगलेली नसून पंख्यासारखी गोल असते. पाठीवरच्या पराचे, म्हणजे पोहण्याच्या पंखाचे, दोन भाग दिसतात : पुढचा भाग सात ते नऊ टणक काट्यांचा आणि मागचा मऊ. रात्री विजेरीचा झोत पडला की डोळे तांबूस-सोनेरी चमकतात, आणि जेट्टीवरून पाण्यात पाहणाऱ्याला कित्येकदा माशाआधी ते डोळेच दिसतात.

रंगावर मात्र भरवसा ठेवू नये. समुद्राच्या मुखाजवळचा जिताडा चांदीसारखा पांढरा असतो, खाडीत आत कांदळवनाच्या सावलीत राहणारा पाठीवर हिरवट-काळसर आणि पोटाकडे पितळी छटेचा, तर गोड्या पाण्याच्या तळ्यातला अधिकच गडद. अगदी लहान पिल्ले तपकिरी, डागाळलेली असतात आणि त्यांच्या डोक्यावर-मानेवर पांढुरके पट्टे असतात.

नवख्यांचा गोंधळ चार माशांशी होतो. रावसाची शेपटी खोल दुभंगलेली असते आणि छातीच्या परांखाली सुटे धागे लोंबतात, त्यामुळे जवळून पाहिल्यावर शंका राहत नाही. तांबोशी कांदळवनात जिताड्याच्या शेजारीच राहते, पण ती लालसर-विटकरी असते आणि तिच्या तोंडात पुढे सुळे असतात. जिताड्याचे दात सुळ्यांचे नसून खरखरीत कानशीसारखे बारीक असतात. घोळीच्या डोक्यावर तो खचलेला भाग नसतो. हेकरूची शेपटी जिताड्यासारखीच गोल असल्यामुळे घाईत फसगत होते. मात्र हेकरूच्या अंगावर तपकिरी ठिपके किंवा पट्टे असतात आणि अंग अधिक गुबगुबीत असते.

ओळखीचा एक भाग हाताने कळण्यापेक्षा डोळ्यांनी कळलेला बरा. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि तिच्या खालच्या बाजूला मजबूत काटा असतो. याच कडेवर घासून दोरी तुटते आणि याच कडेने बोटे चिरतात.

आकाराचा अंदाज असा : ६० सेंटीमीटरचा जिताडा साधारण अडीच ते तीन किलो, ८० सेंटीमीटरचा सहा किलोच्या आसपास आणि एक मीटरचा सुमारे बारा किलो भरतो. गरीने पकडलेल्या जिताड्याचा जागतिक विक्रम ४४.६४ किलोंचा असून तो मासा २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या मोंडुरान जलाशयात मिळाला होता. आपल्या खाड्यांत एक ते पाच किलोंचे मासे अधिक लागतात. दहा किलोंच्या पुढचाही लागतो, आणि तो बहुतेक वेळा सामान नवे असतानाच लागतो, म्हणून तयारी त्याच्या हिशेबाने करावी.

दुसरी पायरी : जागा शोधणे

जिताडा भक्ष्याच्या मागे मैलभर धावणारा मासा नव्हे. तो दबा धरून बसतो. वाहत्या पाण्याच्या कडेला, जिथे एखाद्या अडथळ्यामुळे प्रवाह मंदावतो तिथे, तो तोंड प्रवाहाकडे करून थांबतो आणि पाण्याबरोबर वाहत येणारी बोय मासळी किंवा कोलंबी तोंडासमोर आली की झटक्यात तोंड उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. हे एकदा ध्यानात आले की खाडीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. विस्तीर्ण मोकळे पाणी सोडून द्यावे आणि अडथळे शोधावेत : पुलाचे खांब, जुन्या जेट्टीचे लाकडी सोट, पाण्यात पडलेले झाड, खडकाचा सुळका, कांदळवनाच्या मुळांची पुढे आलेली कड, आणि मोठ्या खाडीला लहान ओहळ मिळतो ते तोंड.

खारभूमीच्या बांधांवरच्या उघाड्यांकडे, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या दारांकडे, मी मुद्दाम लक्ष वेधतो. ओहोटी लागली की उघाडीच्या झडपांतून आतले पाणी खाडीत पडू लागते, त्याबरोबर लहान मासळी आणि कोलंबी बाहेर येते, आणि उघाडीच्या खालच्या अंगाला फेसाळ पाणी व शांत पाणी यांच्या सीमेवर जिताडा उभा असतो. गोव्यातल्या खाजनांच्या, म्हणजे तिथल्या खारजमिनींच्या, मानशींपाशीही (तिथल्या उघाड्यांपाशीही) हाच प्रकार दिसतो. मात्र मानशीवर मासे धरण्याचा हक्क पुष्कळ ठिकाणी लिलावाने दिलेला असतो, आणि रायगडातली बांधाआतली तळी खासगी असतात. तिथे विचारल्याशिवाय गरी टाकणे म्हणजे चोरीच. उघाडीच्या अगदी तोंडावर उभेही राहू नये, कारण झडपेकडची ओढ वरून दिसते त्यापेक्षा पुष्कळ जास्त असते.

धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कर्ली, तेरेखोल अशा कोणत्याही खाडीत या खुणा सापडतील. नवख्याने दहा खाड्या फिरण्यापेक्षा घराजवळची एकच खाडी निवडावी आणि पूर्ण ओहोटीला, उधाणाच्या दिवशी, रॉड न घेता तिच्या काठाने चालावे. एरवी पाण्याखाली असलेले खड्डे, खडक, बुडालेली होडी, ओहळाने कापलेला चर हे सगळे तेव्हा उघडे पडते. मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. पुढे भरतीच्या वेळी तुम्ही ज्या सपाट पाण्यात आमिष टाकाल, त्याच्या खाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक असेल आणि शेजारच्याला नसेल.

तिसरी पायरी : तिथीवरून पाणी ठरवणे

भरतीची वेळ काढायची जुनी रीत आजही कामाची आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. सिंधुदुर्ग-गोव्याकडे भरती मुंबईच्या आधी येते, आणि खाडीत जितके आत जावे तितका उशीर होतो, म्हणून या हिशेबाला आपल्या जागेपुरती दुरुस्ती दोन-चार फेऱ्यांत स्वतःच करून घ्यावी. भरती-ओहोटीचे तक्ते मोबाइलवर मिळतात, पण तेही बंदराच्या मुखाचे असतात, तुमच्या ओहळाचे नसतात.

जिताडा खाण्यावर येतो तो पाणी हलते तेव्हा. ओहोटीचे शेवटचे दोन तास आणि भरतीचा पहिला तास ही सर्वांत चांगली वेळ, कारण पाणी उतरू लागले की कांदळवनाच्या मुळांत लपलेल्या कोलंबीला आणि बोयींना नाइलाजाने ओहळाच्या तोंडातून बाहेर पडावे लागते. पाणी पूर्ण थांबले की मासाही थांबतो. त्या अर्ध्या तासात चहा प्यावा. याला पहाटेची किंवा तिन्हीसांजेची जोड मिळाली तर अधिक उत्तम. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात पौर्णिमा आणि अमावास्येला भरती बाराच्या सुमारास असल्यामुळे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास संपते, म्हणजे ओहोटीची अखेर नेमकी उजाडताना आणि मावळताना येते.

परंतु इथे एक अडचण आहे. मुंबई-रायगडात मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, प्रवाह दोरीला वजनासाठी लावलेले शिसे ठरू देत नाही आणि पाणी गढूळ होऊन जाते. अशा पाण्यात बनावटी आमिष माशाला दिसतच नाही. म्हणून उत्तरेकडच्या खाड्यांत मी ऐन उधाणापेक्षा तृतीया ते पंचमी हे दिवस पसंत करतो. दक्षिणेकडे चढउतार निम्म्याच्या आसपास असतो, तिथे उधाणाचेच दिवस चांगले आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, पाणी फारच निवांत असते.

हंगामाविषयी थोडक्यात : पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, आणि मग मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींनंतर तो सुस्तावतो. पावसाळ्यात तो अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्याकडे सरकतो. त्या दिवसांत त्याला त्याच्या कामाला सोडावे हे माझे मत. किनारा आणि खडकही तेव्हा जिवाला धोक्याचे असतात.

चौथी पायरी : सामान

सुरुवातीला सात फुटांचा मध्यम-जड रॉड आणि ४००० आकाराचे, खाऱ्या पाण्याला टिकणारे स्पिनिंग रील पुरेसे आहे. रीलवर ३० पौंडांची विणलेली दोरी भरावी. साधी तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, ताणली जाते आणि मुळांजवळच्या झुंजीत तेवढा ताणही महागात पडतो. मात्र विणलेली दोरी खडकावर आणि कालवांच्या शिंपल्यांवर लगेच कापली जाते, म्हणून तिच्या पुढे ४० ते ६० पौंडांच्या जाड तंगुसाचा दीड-दोन हातांचा लीडर, म्हणजे गरीजवळचा मजबूत तुकडा, हवाच. जिताड्याला सुळे नसल्यामुळे तारेची गरज नाही. लीडर हवा तो कल्ल्याच्या धारेसाठी आणि खरखरीत दातांसाठी.

दोरी आणि लीडर जोडायला दुहेरी युनी गाठ नवख्याला लवकर जमते. दोन्हींची टोके एकमेकांवरून विरुद्ध दिशांना घ्यावीत. विणलेल्या दोरीचे टोक मागे वळवून फासा करावा आणि त्या फाशातून टोक दोन्ही दोऱ्यांभोवती सहा ते आठ वेळा गुंडाळून आवळावे. लीडरच्या टोकाने तसेच चार वेढे घ्यावेत. मग गाठ ओली करून दोन्ही बाजूंनी ओढावे, म्हणजे दोन गाठी सरकत एकमेकींना येऊन भिडतात. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने तंगूस तिथेच कमजोर होते. ही गाठ घरी, उजेडात, डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधावी. खाडीवर अंधारात, डास चावत असताना ती शिकता येत नाही.

रीलचा ड्रॅग, म्हणजे किती जोर लागल्यावर दोरी सुटावी याची मांडणी, अंदाजाने करू नये. दोरीचे टोक हातात धरायच्या वजनकाट्याला बांधून ओढून पाहावे. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे साडेतीन-चार किलोंवर दोरी सुटू लागली पाहिजे.

पाचवी पायरी : आमिष

जिवंत आमिषाला तोड नाही, आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. बोटभर लांबीची जिवंत कोलंबी किंवा वीतभरापेक्षा लहान बोय त्याच खाडीत पागून, म्हणजे फेकजाळ्याने पकडून, घ्यावी, कारण मासा तेच खात असतो. कोलंबीच्या डोक्यावर जी करवत असते तिच्या मुळाशी, आत दिसणारा काळसर भाग टाळून गरी ओवली तर ती बराच वेळ जिवंत राहते. बोयीच्या वरच्या ओठातून किंवा पाठीवरच्या पराच्या पुढून गरी घालावी. गरी ४/० ते ६/० आकाराची असावी आणि शक्यतो सर्कल हूक (टोक आत वळलेली गोल गरी) घ्यावी, जी माशाच्या पोटात न जाता तोंडाच्या कोपऱ्यात बसते. मुख्य दोरीवर भोकाचे शिसे मोकळे सरकते ठेवावे, त्याखाली स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग लीडर आणि टोकाला गरी. शिसे प्रवाहाच्या मानाने १० ते ३० ग्रॅम, आणि शक्य तितके हलके, म्हणजे आमिष जागेवर ठाण मांडून न बसता पाण्याबरोबर हळूहळू सरकेल.

पाणी स्वच्छ असेल तेव्हा बनावटी आमिष वापरावे. रबराचा चार-पाच इंची मासा १० ते १४ ग्रॅमच्या जिगवर (शिशाचे डोके असलेल्या गरीवर), किंवा नऊ ते बारा सेंटीमीटरचा उथळ बुडणारा लाकडी अथवा प्लास्टिकचा मासा, एवढे दोन प्रकार पहिले वर्षभर पुरतात. बनावटी माशाबरोबर येणाऱ्या स्वस्त गऱ्या जिताडा सरळ करून टाकतो. त्या बदलून मजबूत बसवाव्यात.

सहावी पायरी : टाकणे, वाट पाहणे, ओढणे

आमिष अडथळ्यावर टाकू नये. ते प्रवाहाच्या वरच्या बाजूला, चार-पाच हात पलीकडे टाकावे आणि पाण्याला ते अडथळ्याजवळून नेऊ द्यावे. बनावटी मासा गुंडाळताना रीलचे दोन-तीन फेरे, मग थांबणे, मग पुन्हा दोन फेरे, असे चालावे. हे थांबणेच नवख्याला जड जाते. जिताडा पुष्कळदा आमिष थांबलेले असतानाच उचलतो. मुळांच्या कडेला एकाच जागी दहा-पंधरा वेळा टाकल्यावर अचानक मासा लागतो, कारण तो भुकेपेक्षा त्रासून तोंड मारतो असे वाटते. जागा लवकर बदलू नये.

रात्री किंवा शांत पहाटे जिताडा वरच्या पाण्यात खाताना ‘टप्प’ असा पोकळ आवाज येतो. तो ज्या बाजूने आला तिथे आमिष टाकावे, पण नेमके त्याच्या डोक्यावर नाही.

सर्कल हूक असेल तर झटका देऊ नये. दोरी ताणली जाऊन रॉड वाकू लागला की नुसते गुंडाळत राहावे, गरी आपोआप बसते. बनावटी आमिषावर मात्र एक ठाम, आडवा झटका लागतो.

मग पहिली दहा सेकंदे येतात आणि बहुतेक मासे तेव्हाच जातात. लागल्याबरोबर जिताडा ज्या मुळांतून किंवा खांबांमागून आला तिथेच परत घुसायला पाहतो. तेव्हा रॉड बाजूला वाकवून त्याचे तोंड मोकळ्या पाण्याकडे वळवावे आणि एक पाऊल मागे सरकावे. अडथळ्यापासून दूर आल्यावर दोरी हवी तेवढी जाऊ द्यावी; तिथे घाई करणाऱ्याचीच गरी निसटते. जिताडा पाण्याबाहेर उडी घेतो, कल्ले फाकवून डोके दोन्ही बाजूंना झाडतो, आणि त्या क्षणी दोरी ढिली असेल तर गरी उडून पडते. म्हणून तो वर येतोय असे वाटताच रॉडचे टोक खाली, पाण्याच्या जवळ न्यावे आणि ताण कायम ठेवावा. काठाजवळ आल्यावर, माणूस दिसताच, तो शेवटची एक धाव घेतो; ड्रॅग आवळलेला असेल तर गाठ तिथे तुटते. दोरी धरून मासा वर उचलू नये. हातजाळे डोक्याकडून घालावे.

खबरदारी

एकट्याने जाऊ नये, आणि भरतीचे पाणी परतीच्या वाटेवर कधी चढते ते आधी पाहून ठेवावे. खाडीच्या चिखलात अनवाणी उतरू नये : कालवांनी पाय फाटतात आणि पाकट माशाच्या नांगीने तर हॉस्पिटल गाठावे लागते, उतरावेच लागले तर पाय उचलून न टाकता घासत पुढे न्यावा. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या खाड्यांत तसेच गोव्यात कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तिथे पाण्याच्या अगदी कडेला बसून मासे धुणे टाळावे. कोळ्यांच्या डोलीच्या आणि वाण्याच्या, म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेल्या, जाळ्यांपासून लांब राहावे. कांदळवनाची फांदी आड येते म्हणून तोडणे हा गुन्हा आहे.

मासा हातात आल्यावर

हात ओले करावेत, कल्ल्यात बोटे घालू नयेत, आणि खालचा जबडा पकडीने धरून दुसऱ्या हाताने पोटाला आधार द्यावा. मोठा जिताडा नुसत्या जबड्यावर उभा लटकवला की त्याच्या मानेचे सांधे दुखावतात. फोटोसाठी तसे लटकवलेले मासे सोडले तरी सगळे जगत नाहीत.

सोडायचा कोणता, हे आधीच ठरवलेले असावे. बहुतेक जिताडे आधी नर म्हणून वयात येतात आणि काही वर्षांनी, अंग पुरेसे वाढल्यावर, मादी होतात. त्यामुळे खाडीतला एक मीटरच्या आसपासचा जिताडा जवळजवळ नक्की मादी असते आणि तिच्या पोटात लाखोंनी अंडी होऊ शकतात. तर अर्ध्या मीटरखालचा बहुतेक वेळा अजून एकदाही प्रजननाला पोहोचलेला नसतो. म्हणून दोन्ही टोके सोडून मधला, साधारण ६० ते ८० सेंटीमीटरचा एखादाच मासा घरी न्यावा. राज्य सरकारने २०२३ मध्ये अनेक जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात ती यादी आणि त्या वर्षीच्या बंदीच्या तारखा विचारून घ्याव्यात.

सोडताना मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरावा आणि तो स्वतः शेपटी मारून हातातून निघेपर्यंत थांबावे. ठेवायचा असेल तर डोक्यावर एक जोरदार टोला देऊन लगेच कल्ल्याखाली कापून रक्त वाहू द्यावे आणि बर्फात, समुद्राचे थोडे पाणी घालून, पूर्ण बुडवावा. उन्हात दोरीला ओवून तासभर टांगलेल्या जिताड्याचे मांस भुसभुशीत होते. खवले मोठे आणि घट्ट असल्यामुळे ती घरच्या मोरीत काढण्यापेक्षा धक्क्यावरच, शेपटीकडून डोक्याकडे, सुरीच्या बोथट बाजूने काढून घ्यावीत.